झेनचा काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला: जुन्या जपानी गाड्यांची घरची कामं

जुनी_झेन (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमची मारुती झेन २००२ ची. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लालच्या अलीकडे जाऊन टेकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर टाकला, काचा खाली केल्या आणि कसाबसा माथा गाठला. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत होती. त्या संध्याकाळी ठरवलं, हे काम आता आपणच समजून घ्यायचं.

आधीची हकीकत सांगतो, कारण खरं दुखणं तिथेच होतं. दोन वर्षांपूर्वीही गाडी तापायची. तेव्हाच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. "आपल्याकडे एवढी थंडी कुठे असते? हा थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो," असं म्हणाला आणि मला ते पटलं. हिवाळ्यात काटा तळाशीच राहायचा, त्यामुळे काम झालं असंच वाटत होतं. अॅव्हरेज मात्र सतरावरून तेरावर आलं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय धरू लागली. या दोन गोष्टींचा थर्मोस्टॅटशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

संबंध असा की इंजिनाला गार राहायचं नसतं, ठरावीक तापमानाला राहायचं असतं. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक गोळी असते. गाडी गार असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो. पाणी साधारण ८२ अंशांवर गेलं की मेण फुगतं आणि झडप उघडते. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्यातलं काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पुरेसं तापत नाही, म्हणून त्यातला पाण्याचा अंश वाफ होऊन उडून जात नाही. झाकणाखालची साय ती हीच.

आणि मुळात गाडी तापत होती त्याचं कारण तसंच राहिलं! हिवाळ्याने ते दोन वर्षं झाकलं आणि मे महिन्यात घाटाने उघडं केलं.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. दोन वर्षं कूलंट नाही, सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतलेलं. झेनचं इंजिन अख्खं अॅल्युमिनियमचं, ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, वजनाला अगदी हलकं. असल्या इंजिनात क्षाराचं पाणी म्हणजे मंद विषच. झाकणाचं रबर बोटाने दाबलं तर नखासारखं टणक लागलं. ही साधी वस्तू, पण तिचं काम मोठं आहे. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे ते तेवढा दाब धरतं आणि त्या दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर गेलं, दाब गेला, की शंभराच्या आतबाहेरच उकळी. घाटात माझं तेच झालं.

मग गाडी थोडी चालवून आणली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली (पंखा अचानक सुरू होऊ शकतो). रेडिएटरच्या जाळीवरून हाताचा पंजा जवळ धरून फिरवला. वर ऊब लागत होती, खालचा एक तृतीयांश भाग गार. म्हणजे खालच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून सळीने साफ करून देतो. प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर त्या भानगडीत पडू नका, नवा घ्या. मी नाना पेठेतून नवा रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, पॅकिंग, वरचा-खालचा होज (रेडिएटरचे रबरी पाइप) आणि नव्या क्लिपा आणल्या.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी तपासला, नवा असूनही. जुन्या पातेल्यात पाणी घेतलं (हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही), थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगला आणि शेजारी थर्मामीटर सोडला. ८० पर्यंत ढिम्म. ८३ ला कडेने केसाएवढी फट दिसली आणि ९५ पर्यंत झडप चांगली सात-आठ मिलिमीटर उघडली. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटली. धाकटी मुलगी ओट्याला टेकून बघत होती, तिने तीनदा करायला लावलं.

त्याच्या चकतीवर एक छोटी लोंबती पिन असते. ती वरच्या बाजूला ठेवायची, आतली हवा तिथून निघते. थर्मोस्टॅटच्या टोपीला दोनच बोल्ट, पण त्यातला एक अॅल्युमिनियममध्ये जाम झाला होता. इथे घाई केली की बोल्टचं डोकं हातात येतं. मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारलं, डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले आणि आधी किंचित आवळला. कट्ट असा आवाज आला, मग पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा असं करत काढला. आटे शाबूत राहिले.

त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा आतून धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग अॅल्युमिनियमला चालणारं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. गाडीचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर टाकून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे यायचे थांबले, पंखा एकदा लागून बंद झाला, पातळी पुन्हा भरली, झाकण लावलं.

परवा त्याच घाटातून गेलो, एसी लावून. काटा निम्म्याच्या किंचित खाली, जागचा हलला नाही. अॅव्हरेज साडेसोळा.

तुमच्या गाड्यांतून असं काय काय "नको" म्हणून काढून टाकलंय, ते इथे लिहा. मला वाटतं जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

---

गोदाकाठ (नाशिक)

दादा, अगदी वेळेवर लिहिलंत. माझी १९९९ ची मारुती एस्टीम आहे. हायवेला तासन् तास चालवली तरी काही नाही, पण सीबीएसच्या (मध्यवर्ती बस स्थानकाच्या) सिग्नलला पाच मिनिटं अडकले की काटा चढायला लागतो. दोन गॅरेजना दाखवली. एकाने हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण देतो. दोन्हीला मन धजावत नाही. मी आजवर ऑइल आणि एअर फिल्टर स्वतः बदललेत, त्यापलीकडे हात घातलेला नाही.

---

आंबाघाट (कोल्हापूर)

ताई, हेड उघडू देऊ नका अजून. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. पळताना गार आणि उभी राहिली की गरम म्हणजे आधी पंखाच बघायचा.

हेड गॅस्केटची लक्षणं वेगळी असतात. गार इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू केली आणि रेडिएटरमधून बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येतो, पाणी रोज कमी होतं आणि बाहेर कुठे सांडलेलं दिसत नाही, सकाळी प्लग काढला तर एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. यातलं काही आहे का?

नसेल तर पंख्याचं कनेक्टर सोडा आणि दोन जाड वायरींनी, मधे फ्यूज घालून, पंख्याला थेट बॅटरी द्या. फिरला तर मोटर ठीक. मग फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी (तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा), मग कनेक्टरच्या पिना. सेन्सरच्या वायरी उगाच एकमेकींना जोडून बघू नका, एमपीएफआय आहे. आणि पंखा लावताना ओढणी, बांगड्या, मोकळे केस सगळं लांब.

झेनवाल्या साहेबांना एक सांगायचं आहे. डिस्टिल्ड पाणी वापरलंत ते उत्तम केलंत, पण त्याचं आणखी एक कारण आहे. जपानी कंपन्यांच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असतं आणि सिलिकेट टाळलेलं असतं. फॉस्फेट कठीण पाण्यात गेलं की साका धरतं. म्हणजे चांगलं कूलंट आणि बोअरचं पाणी एकत्र केलं तर कूलंटच नळ्या बुजवायला मदत करतं. हिरवं-लाल-निळं हा नुसता रंग असतो, त्यावरून काही ठरवू नका. डब्यामागचं वाचा.

आणि हे कूलंट चवीला गोड असतं. सांडलेलं कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरा, अंगणात सोडू नका.

---

निशिकासाई (टोकियो)

मूळचा सांगलीचा, इथे अकरा वर्षं झाली. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, स्क्रू. जपानी गाडीत, विशेषतः कार्ब्युरेटरवर आणि ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या पट्टीवर जे चारफुलीचे स्क्रू असतात, ते आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचे नसतात. ते जेआयएस नावाच्या जपानी मापाचे. दिसायला सारखेच, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. आपल्याकडे म्हणतात "जुने स्क्रू मऊ असतात". मऊ नसतात, हत्यार चुकीचं असतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की समजायचं. व्हेसेल कंपनीचा दोन नंबरचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर एकदा घ्या, आयुष्यभर पुरेल. मी दर सुट्टीत येताना मित्रांसाठी चार-पाच आणतो.

दुसरी, पाने (स्पॅनर). जपानी गाडीत सहा मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १० नंबर, आठच्या बोल्टचं १२ आणि दहाच्या बोल्टचं १४. युरोपियन गाडीत आठच्या बोल्टला १३ लागतो आणि दहाच्याला बहुधा १७. तुमच्या झेनमध्ये कुठे १३ नंबर लागला, तर तो बोल्ट कुणीतरी नंतर घातलेला असण्याची शक्यता आहे. चाकाचे नटही बघून घ्या. सुझुकीचे आटे १२ बाय १.२५ (जाडी आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), टोयोटा आणि होंडाचे १२ बाय १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि मग आटे खातो.

इथे जुनी गाडी ठेवणं महाग आहे. शाकेन नावाची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली की वार्षिक कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. तरीही हौशी लोक गाडी स्वतः तपासून, नोंदवही भरून, सरकारी केंद्रावर स्वतःच घेऊन जातात. कायद्याने ते चालतं. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजोबांनी मला त्या रांगेत उभं राहायला शिकवलं.

---

वेळ_कमी (पुणे)

मनापासून विचारतो, टोमणा नाही. दोन दिवस बोल्टला तेल मारत बसायचं, चार वेळा धुवायचं, त्यापेक्षा चांगलं गॅरेज शोधलेलं बरं नाही का? शिवाय पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. २०२२ च्या एप्रिलमध्येच नुसती नूतनीकरणाची फी कारला ५००० रुपये झाली होती. एवढा जीव लावावा का जुन्या गाडीला?

---

जुनी_झेन (पुणे)

चांगलं गॅरेज मिळालं तर जरूर द्या, मीही देतो. टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस आणि ब्रेकच्या आतलं काम मी घरी करत नाही. टायमिंग बेल्टमध्ये एक दात चुकला तरी त्रास आणि ब्रेक चुकले तर माणूस जातो. पण थर्मोस्टॅट का असतो हे मला ठाऊक असतं, तर दोन वर्षांपूर्वी मी "काढा" म्हणालोच नसतो. काम स्वतः केलं नाही तरी चालेल, काय चाललंय ते कळायला हवं.

जीव का लावावा, याचं एकच उत्तर माझ्याकडे आहे. बाबा शेवटचे दवाखान्यात गेले ते याच गाडीतून. स्टिअरिंगवर त्यांच्या अंगठ्याची झिजलेली जागा अजून आहे.

---

वेळ_कमी (पुणे)

समजलं. आणि टायमिंग बेल्टची आठवण केल्याबद्दल आभार. माझ्या गाडीचा शेवटचा कधी बदलला ते घरात कुणालाच माहीत नाही, उद्याच विचारतो.

---

सिटी_२००१ (ठाणे)

माझं दुखणं उलटं होतं, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. २००१ ची होंडा सिटी. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. दुपारी उन्हात तासभर उभी केली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन घेतच नाही. काचा उघडून अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं. फ्युएल पंप बदलला, डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं, प्लग-वायरी बदलल्या. खर्च होत राहिला, दुखणं तिथेच.

शेवटी कळलं की त्या काळातल्या होंडांच्या मेन रिलेमध्येच गोम असते. डॅशबोर्डखाली एक छोटी डबी, तिच्यातली सर्किटची पट्टी. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन डाखाला बारीक तडे जातात. केबिन तापलं की तडा उघडतो आणि पंपाला वीज मिळत नाही. ओळखायची खूण अशी: किल्ली ऑनवर ठेवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद "झूंऽऽ" असा पंपाचा आवाज यायला हवा. दुपारी तो आला नाही आणि संध्याकाळी आला, तर रिलेवर संशय घ्या.

डबी उघडून भिंगातून बघितलं तर जाड पिनांभोवती केसासारखी गोल रेघ दिसली, जणू नाण्याची कड. जुना डाख ओढून काढला, नवा भरला. दोन उन्हाळे गेले, एकदाही अडली नाही.

---

लाल_माती (सावंतवाडी)

तुम्ही इंजिनाचं बोलताय, आमच्याकडे इंजिन पत्र्याच्या आधी कधीच जात नाही. घाटाखाली चार महिने पाऊस आणि समुद्राचा खारा वारा. माझ्या मारुती ८०० चं इंजिन अजून टुणटुणीत आहे, पण दोन वेळा तिचा तळ बदलावा लागला.

दाराच्या खालच्या कडेला आणि पायरीच्या पत्र्याखाली पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. लाल माती त्यात जाऊन सुकते आणि बूच बसतं. मग दारात पाणी साठतं. दार जोरात लावल्यावर आत "डुबुक" असा आवाज आला तर समजा. दर वर्षी मिरगाच्या आधी आणि दिवाळीला मी सायकलच्या तारेने ती भोकं मोकळी करतो. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या गाडीच्या एकाच दारातून तांब्याभर पाणी निघालं.

दुसरं, डेंटिंगवाले तळाला जे काळं डांबर फासतात, ते आधीच्या गंजावर फासू देऊ नका. आत ओल कोंडते आणि वरून छान दिसत पत्रा सडत जातो. आधी तारेच्या ब्रशने घासा, गंज मारणारं प्रायमर लावा, पूर्ण सुकू द्या आणि मग काय ते लावा. पोकळ भागात मेणाचा फवारा मारला तर सोन्याहून पिवळं. आणि कार्पेट उचला! पायाखालच्या फोमने ओल धरलेली असते, तिकडे कुणी बघतच नाही. माझा तळ दोन्ही वेळा आतूनच सडला होता.

---

आंबाघाट (कोल्हापूर)

कार्पेटचं लाख बोललात. पाणी येतं कुठून तेही बघा. बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या खालच्या जाळीत पानं कुजून तिथली निचऱ्याची वाट बंद झालेली असते.

---

गोदाकाठ (नाशिक)

काका, दादा, सांगायला आले आहे.

आज सुट्टी होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सकाळी आधी गार इंजिनावर झाकण उघडून बघितलं. बुडबुडे नाहीत. चारही प्लग काढले, चारही सारखे, विटकरी. तिथेच जीव भांड्यात पडला.

मग पंख्याला थेट बॅटरी दिली. पहिल्या फटक्यात फिरला. फ्यूज ठीक, रिले बदलून बघितला तरी तेच. शेवटी पंख्याचं कनेक्टर उन्हात नेऊन आत बघितलं. एक पिन हिरवी पडलेली आणि तिच्या भोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. वायर हलवली तर पिनेसकट हातात आली.

इथल्या द्वारका चौकाजवळच्या वायरिंगवाल्याकडून तसंच नवं कनेक्टर आणलं, पिना वायरीवर दाबून पक्क्या (क्रिम्प) करून घेतल्या, ऐंशी रुपये झाले. बसवलं, गाडी चालू करून अंगणात उभी ठेवली आणि काट्याकडे बघत बसले. काटा निम्म्यावर आला, थोडा पुढे सरकला, मला घाम फुटला आणि तेवढ्यात पंखा लागला. मिनिटभराने बंद झाला. पुन्हा लागला. मी पाच वेळा होऊ दिलं.

संध्याकाळी मुद्दाम सीबीएसच्या सिग्नलला गेले. एसी लावून दोन सिग्नल थांबले. काटा हलला नाही.

आता झाकणाचं रबर बघितलं तर तेही नखासारखंच लागतंय. उद्या नवं आणते. आणि काका, माझ्याही गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही, हे टोपी न उघडता कळतं का?

---

आंबाघाट (कोल्हापूर)

शाब्बास, ताई! कळतं. सकाळी गार गाडी चालू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा, पंख्यापासून लांब. थर्मोस्टॅट असेल तर बरीच मिनिटं होज जवळजवळ गारच राहील आणि मग एकदम गरम होईल, झडप उघडल्याचं हाताला कळेल. नसेल तर होज पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल.

---

गोदाकाठ (नाशिक)

आत्ताच बघून आले. नऊ मिनिटं गार होता, मग एकदम चटका बसला. आहे!